‘वुदरिंग हाइट्स’ पडद्यावर : आधी नेली डीनला शोधा

प्रश्न असा आहे : ‘वुदरिंग हाइट्स’ वाचून झाली, मग तिच्यावरचे तीन-चार चित्रपट पाहिले. जवळजवळ प्रत्येकात कॅथरीन मेली की चित्रपटही संपतो. उरलेलं निम्मं पुस्तक जातं कुठे? आणि पुस्तकाशी इमान राखणारं एखादं तरी रूपांतर आहे का?

मी व्यवसायाने चित्रपट-संकलक. रसग्रहण शिबिरांमध्ये साहित्यकृतींच्या रूपांतरांवर बोलते आणि या कादंबरीवर माझा फार जीव आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. थोडक्यात म्हणणं असं की, निम्मं पुस्तक गळतं ही नंतरची गोष्ट. त्याआधी गोष्ट सांगणारी मोलकरीण, नेली डीन, गळते. तिचं बोट सोडलं की पुढचं सगळं ओघाने होत जातं.

पुस्तकाची रचना आठवा. १८४७ च्या डिसेंबरात ‘एलिस बेल’ या टोपणनावाने ते छापलं गेलं आणि पुढच्याच डिसेंबरात लेखिका एमिली ब्राँटे वयाच्या तिसाव्या वर्षी गेली. प्रकरणं ३४, आणि कॅथरीन १६ व्या प्रकरणात मरते. सांगणारे दोघं. लॉकवुड हा बाहेरून आलेला भाडेकरू, त्याला या मुलखातलं काही कळत नाही. तो आजारी पडतो आणि घर सांभाळणारी नेली त्याच्या उशाशी बसून मागची तीसएक वर्षं त्याला सांगते. म्हणजे कॅथरीन आणि तिच्या घरात वाढलेला पोरका हीथक्लिफ, हे दोघं आपल्याला थेट कधी भेटतच नाहीत. एका मोलकरणीने जे पाहिलं, दाराआडून ऐकलं, दुसऱ्यांच्या पत्रांतून वाचलं आणि तिला जे सांगावंसं वाटलं, तेवढंच आपल्यापर्यंत पोचतं.

आता एक गोष्ट ताडून पाहा. या कादंबरीचं नाव काढलं की डोळ्यांसमोर माळरान येतं. वारा, झुडपं, कड्यावर उभे दोन प्रेमिक. पुस्तकात हे दृश्य शोधायला जा. सापडणार नाही. दोघं लहानपणी माळावर पळून जातात हे आपल्याला कळतं, पण ते तिकडे काय करतात, काय बोलतात हे पुस्तक दाखवत नाही. कारण नेली घरात आहे. तिच्या मांडीवर मूल आहे, चुलीवर काहीतरी शिजतंय. कादंबरीतले बहुतेक सगळे मोठे प्रसंग चार भिंतींच्या आत घडतात : स्वयंपाकघरात, आजाऱ्याच्या खोलीत, कुलूप लावलेल्या दारापाशी, खिडकीच्या काचेशी. माळ सतत बाहेर आहे आणि आपण आत अडकलो आहोत. गॉथिक कादंबरीत घर माणसाला गिळतं, ते इथे असं घडतं. कॅमेऱ्याला मात्र स्वयंपाकघरात बसून राहणं जमत नाही. तो पहिल्या संधीला माळावर धावतो, आणि जे प्रेम आपण फक्त ऐकलेलं असतं ते डोळ्यांनी पाहिलेलं होऊन बसतं.

विल्यम वायलरच्या १९३९ च्या चित्रपटाने हा पायंडा पाडला. (त्याआधी १९२० मध्ये ए. व्ही. ब्रँबलने ब्राँटे भगिनींच्या हॉवर्थ गावाच्या परिसरात एक मूकपट केला होता, तो आज उपलब्ध नाही.) वायलरकडे हीथक्लिफसाठी लॉरेन्स ऑलिव्हिए आणि कॅथरीनसाठी मर्ल ओबेरॉन होते, पटकथा बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांची, कॅमेरा ग्रेग टोलंडचा. आठ ऑस्कर नामांकनांपैकी एकच पुरस्कार मिळाला, तो टोलंडला, आणि तो रास्तच होता. मेणबत्तीच्या उजेडातल्या त्या खोल्या, छताचं दडपण आणि खिडकीतून आत येणारा करडा प्रकाश पाहिला की वाटतं, या माणसाला पुस्तक कळलं होतं. पटकथेने मात्र पेनिस्टन क्रॅगच्या खडकांचा दोघांचा ‘किल्ला’ केला आणि तिथे त्यांना फुलं वेचायला लावली. यॉर्कशरचा तो माळ उभा केला कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर. शेवटी दोघांची भुतं हातात हात घालून बर्फातून चालत जातात, तो तुकडा निर्माता सॅम्युएल गोल्डविनच्या हट्टापायी जोडलेला आहे. वायलरने तो चित्रित करायला नकार दिला होता, म्हणून दुसऱ्याकडून, बदली कलाकार पाठमोरे घेऊन करवला. एरवी शिस्तशीर असलेल्या चित्रपटात ते जोडकाम लगेच जाणवतं.

गंमत अशी की या चित्रपटात नेली आहे, लॉकवुडला गोष्ट सांगतेही. फ्लोरा रॉबसनने ती केली आहे, आणि इतकी मायाळू की तिच्या शब्दावर शंका घ्यावी असं मनातही येत नाही. पुस्तकातली नेली अशी नाही. कॅथरीनच्या जीवघेण्या आजारपणात ती तिच्या नवऱ्याला, एडगर लिंटनला, वेळेवर काही सांगत नाही. पत्रं दडवते, स्वतःच्या शहाणपणावर खूश असते, कॅथरीन तिला मनापासून आवडत नाही. जेम्स हॅफ्ली नावाच्या समीक्षकाने १९५८ मध्ये ‘या कादंबरीतली खलनायिका नेलीच’ असा लेख लिहिला होता. मी तितकी टोकाला जाणार नाही. पण सांगणारीचा स्वतःचा काही कल आहे, हे एकदा ध्यानात आलं की पुस्तकातलं प्रत्येक वाक्य डळमळायला लागतं, आणि ही डळमळ मला त्यातली सगळ्यात श्रीमंत गोष्ट वाटते.

याच चित्रपटाचा एक धागा थेट मुंबईशी जोडलेला आहे. मर्ल ओबेरॉनचा जन्म १९११ चा, मुंबईतला. घर मिश्र वंशाचं, पुढचं बालपण कलकत्त्यात. हॉलिवूडमध्ये तिने आणि स्टुडिओने ही ओळख गाडून टाकली आणि जन्म टास्मानियातला असल्याचं सांगितलं. ती कथा तिला जन्मभर निभवावी लागली. आता पुस्तक उघडा. हीथक्लिफ लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला, काळ्यासावळ्या रंगाचा पोर. शेजारचे लिंटन, म्हणजे एडगरच्या घरचे, त्याला पाहून म्हणतात, हा कोणी ‘लास्कर’ असेल, म्हणजे आशियातून जहाजांवर जाणाऱ्या खलाशांपैकी कुणाचा तरी. नेली त्याची समजूत घालताना म्हणते, कोण जाणे, तुझा बाप चीनचा बादशहा असेल आणि आई हिंदुस्थानची राणी! १९३९ च्या पडद्यावर हा पोर झाला गोरा ऑलिव्हिए. ज्या बाईच्या अंगात खरोखर हिंदुस्थानी रक्त होतं तिने रंग लपवून गोऱ्या घरची कॅथरीन साकारली. हे माहीत झाल्यापासून मी तिचे क्लोज-अप वेगळ्या नजरेने पाहते. आरशासमोर उभी राहून मोठ्या घरची बाई व्हायला निघालेल्या कॅथरीनची ती धडपड तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

हीथक्लिफचा रंग इंग्रजी पडद्यावर यायला २०११ उजाडलं. अँड्रिया अर्नल्डने सॉलोमन ग्लेव्ह आणि जेम्स हाउसन या दोन कृष्णवर्णीय मुलांना ती भूमिका दिली. नंतर २०२६ च्या फेब्रुवारीत आलेल्या एमराल्ड फेनेलच्या चित्रपटात जेकब एलॉर्डीच्या रूपाने तो पुन्हा गोरा झाला आणि एडगर झाला शझाद लतीफ. ही अदलाबदल मला पटत नाही. एडगरच्या घरात हीथक्लिफला पायरी दाखवली जाते ती त्याच्या रूपावरून. ते काढून घेतलं की त्याच्या सूडाला उरतो फक्त प्रेमभंग.

आता नववं प्रकरण. मी शिबिरात हेच घेते, कारण सगळी रूपांतरं या एका प्रसंगावर तपासता येतात. स्वयंपाकघर. नेली लहानग्या हेअरटनला, कॅथरीनचा भाऊ हिंडली याच्या मुलाला, मांडीवर झुलवत बसली आहे. कॅथरीन येते, सांगते की एडगरने मागणी घातली आणि मी होकार दिला. भिंतीशी, बाकाच्या पाठीमागे हीथक्लिफ पडून आहे, तो कॅथरीनला दिसत नाही. ‘हीथक्लिफशी लग्न केलं तर मी खालच्या पायरीला जाईन,’ हे वाक्य त्याच्या कानावर पडतं आणि तो निःशब्द निघून जातो. त्यानंतर ती म्हणते, तो माझ्यापेक्षाही अधिक ‘मी’ आहे. आणखी पुढे ते जगप्रसिद्ध वाक्य : नेली, मीच हीथक्लिफ आहे. म्हणजे ज्याच्यासाठी हे बोललं गेलं त्याने ते कधी ऐकलंच नाही. आणि तो उठून गेला हे कोणी पाहिलं? नेलीने. ती कॅथरीनला गप्प करते, पण कारण भलतंच सांगते : घरगडी जोसेफची गाडी आल्यासारखी वाटतेय. हीथक्लिफ इथेच होता, एवढं तिने तेव्हाच सांगितलं असतं तर पुढची २५ प्रकरणं घडली नसती.

संकलकाच्या दृष्टीने इथे एकच निर्णय आहे : कॅमेरा कोणाजवळ थांबवायचा? वायलर कॅथरीनजवळ थांबतो. ती ‘मीच हीथक्लिफ’ म्हणते तेव्हा वीज कडाडते, चेहरा उजळतो, प्रेक्षागृह जिंकलं जातं. अर्नल्ड उलट करते. तिचा सगळा चित्रपट हीथक्लिफच्या नजरेतून चालतो, त्यामुळे तो बाहेर पडला की कॅमेराही चिखलात बाहेर, आणि ते वाक्य आपल्यालाही ऐकू येत नाही. इंग्रजी साहित्यातलं इतकं गाजलेलं वाक्य गाळायला छाती लागते. अर्नल्डच्या चित्रपटात जवळजवळ चौकोनी चौकट आहे, अगदी शेवटचं गाणं सोडलं तर पार्श्वसंगीत नाही. रॉबी रायनचा हातातला कॅमेरा ओली लोकर, पिसं, जखमा, घोड्याची पाठ यांना चिकटून राहतो. व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याला छायाचित्रणाचा पुरस्कार मिळाला. उत्तरार्ध इथेही नाही, पण कोणाच्या नजरेतून पाहायचं याचं उत्तर ठाम आहे. म्हणून निम्मंच पुस्तक घेऊनही हा चित्रपट मला पुस्तकाच्या जास्त जवळचा वाटतो. पुस्तकात आपण फक्त नेलीला कळलं तेवढं जाणतो, इथे फक्त हीथक्लिफला कळलं तेवढं. अपुरं ऐकण्याचा तोच त्रास अर्नल्डने वेगळ्या वाटेने आणून दाखवला.

नेलीशी बाकीच्यांनी काय केलं? रॉबर्ट फ्यूस्टच्या १९७० च्या चित्रपटात (हीथक्लिफ टिमथी डाल्टन) तिला हिंडलीबद्दल मूक ओढ दिली आहे. कल्पना चांगली, पण तिचं पुढे फारसं काही होत नाही. पीटर कॉस्मिन्स्कीच्या १९९२ च्या चित्रपटात तर खुद्द एमिली ब्राँटेच झगा पांघरून पडक्या घरात शिरते आणि गोष्ट सांगू लागते. ती भूमिका गायिका शिनेड ओकॉनरची. मला हा सगळ्यात मोठा घोटाळा वाटतो. लेखिकेने स्वतःला इतकं कसोशीने दूर ठेवलं, स्वतःच्या आणि वाचकाच्या मध्ये दोन-दोन निवेदक बसवले, आणि इथे तिलाच पकडून पुढे आणलं.

तरी १९९२ च्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. त्यात दुसरी पिढी आहे. आता उत्तरार्धाकडे वळू या, कारण प्रश्नाचा तो भाग खरोखर अवघड आहे. पटकथा लिहिणाऱ्याची अडचण समजून घ्या. नायिका मध्यंतरालाच गेली. नायक विशीतून एकदम चाळिशीच्या उंबरठ्यावर. नवी तीन मुलं, त्यांचे नवे कलाकार, वर नावंही तीच : आई कॅथरीन, मुलगी कॅथरीन. लिंटन हे आडनाव, आणि हीथक्लिफच्या मुलाचं नावही लिंटन. आणि कथा प्रेमाकडून वळते ती गहाणखताकडे. हिंडली जुगारात बुडतो आणि जमीन हीथक्लिफकडे गहाण पडते, तसं ‘हाइट्स’ हे हिंडलीचं घर त्याचं होतं. लिंटनांचं घर ‘ग्रेंज’ मिळवायला तो आपल्या मरणपंथाला लागलेल्या मुलाचं लग्न एडगरच्या मुलीशी जबरदस्तीने लावतो. सी. पी. सँगर या कायदेपंडिताने १९२६ मध्ये एक छोटं पुस्तक लिहून दाखवून दिलं की त्या काळच्या वारसा कायद्यावर एमिलीची पकड विलक्षण होती आणि तिने दोन घराण्यांच्या वंशावळी आरशातल्या प्रतिबिंबासारख्या मांडल्या आहेत : दोन्हीकडे एक मुलगा, एक मुलगी, आणि त्या प्रत्येकाला एकेकच अपत्य. भाऊबंदकीच्या कज्ज्यांवर वाढलेल्या आपल्या वाचकाला हा भाग खरं तर जवळचा वाटायला हवा.

पण या खतावण्यांच्या पोटात कादंबरीचा प्राण आहे. हिंडली मेल्यावर त्याच्या पोरक्या मुलाला, हेअरटनला, जवळ घेऊन हीथक्लिफ म्हणतो, तोच वारा पिळायला लागला तर हे झाडही तसंच वाकडं वाढतं की नाही ते बघू. मग हिंडलीने त्याच्यावर केलं ते सगळं तो या पोरावर करतो. अक्षरओळख होऊ देत नाही, गड्यासारखं राबवतो. पहिल्या अर्ध्यात ज्याच्यासाठी आपलं काळीज तुटलं तोच दुसऱ्या अर्ध्यात हिंडली झाला आहे. हे पाहायची हिंमत बहुतेक निर्मात्यांची होत नाही, म्हणून ते कॅथरीनच्या मृत्यूशी पडदा पाडतात. प्रेक्षकाला हीथक्लिफवर प्रेम करत करतच घरी पाठवायचं असतं.

आणि ज्यासाठी हे सगळं झेलायचं तो प्रसंग ३३ व्या प्रकरणात आहे. धाकटी कॅथरीन हेअरटनला वाचायला शिकवते आहे. हीथक्लिफ आत येतो, दोघं एकदम मान वर करून पाहतात, आणि चारही डोळे तिचे असतात, मेलेल्या कॅथरीनचे. त्याचा सूड तिथे गळून पडतो. नेली मुद्दाम सांगते की मुलीत आईचं साम्य डोळ्यांपलीकडे फारसं नाही, उलट भाच्यात, हेअरटनमध्ये, ते कितीतरी जास्त आहे. १९९२ मध्ये आई आणि मुलगी दोन्ही भूमिका ज्युलिएट बिनोशला दिल्या, मुलीला सोनेरी केस लावून. बिनोश मोठी अभिनेत्री, पण या एका निर्णयाने तो प्रसंग उलटा झाला. साम्य नको तिथे पूर्ण आलं आणि हवं होतं तिथे, म्हणजे हीथक्लिफने ज्याला चिखलात लोटलं त्या पोराच्या चेहऱ्यावर, आलंच नाही. राल्फ फाइन्सचा हीथक्लिफ मात्र पाहाच. त्याच्या थंडपणाला उत्तरार्धात धार येते.

हिंदीचा उल्लेख राहू नये. दिलीपकुमारने या कादंबरीच्या सावलीतले तीन चित्रपट केले : ‘आरजू’ (१९५०), ‘हलचल’ (१९५१) आणि ‘दिल दिया दर्द लिया’ (१९६६). ‘आरजू’ इस्मत चुगताईंच्या लेखणीतून आलेला. ‘दिल दिया दर्द लिया’मध्ये वहिदा रेहमान आणि नौशादचं संगीत आहे. भावाचा दुष्टपणा प्राणकडे सोपवल्यावर नायकाचे हात बऱ्यापैकी स्वच्छ राहतात आणि हीथक्लिफमधलं विष उतरतं. पण अपमान गिळून नजर खाली घालणारा दिलीपकुमार पाहताना मला कित्येकदा वाटतं की पहिल्या भागातला हीथक्लिफ, तो गप्प राहून सगळं लक्षात ठेवणारा पोरगा, ऑलिव्हिएपेक्षा त्याला जास्त सापडला होता.

स्पॅनिश दिग्दर्शक लुईस बुन्युएलने १९५४ मध्ये मेक्सिकोत केलेला ‘अबिस्मोस दे पासिओन’ थेट हीथक्लिफच्या परत येण्यापासून सुरू होतो. बालपण नाही, माळावरचं प्रेम नाही, फक्त त्याचे परिणाम. पहिल्याच दृश्यात झाडावरच्या गिधाडांवर बंदूक चालते. शेवटी तो तिच्या थडग्यात उतरतो, पाठीमागे ती वधूवेषात उभी असल्याचा भास होतो, आणि तिथे असतो बंदूक रोखलेला तिचा भाऊ. पुस्तकातला हीथक्लिफही कॅथरीनची शवपेटी उघडून पाहतो, हे बाकीच्या दिग्दर्शकांना सोयीस्करपणे विसरायला होतं. जाक रिव्हेतचा १९८५ चा फ्रेंच चित्रपट संथ आणि कोरडा आहे, चित्रकार बाल्थसच्या चित्रांवरून सुचलेला. मला तो आदरापलीकडे भिडला नाही. योशिशिगे योशिदाचा १९८८ चा जपानी चित्रपट मात्र सापडेल तिथे पाहा. मध्ययुगीन जपान, ज्वालामुखीचा काळा उतार, नोह रंगभूमीसारख्या थिजलेल्या हालचाली, आणि पुढच्या पिढीचं निर्दयपण पुरतं शाबूत.

इमान राखणारं रूपांतर कोणतं, या प्रश्नाला माझं उत्तर बीबीसीची १९७८ ची पाच भागांची मालिका. हीथक्लिफ केन हचिसन आणि कॅथरीन केय ॲडशेड. स्टुडिओतलं चित्रण आज जुनाट वाटतं, पण पूर्ण पुस्तक आहे, माणसं कुरूपपणे भांडतात, कोणालाही गोड केलेलं नाही. आयटीव्हीचा १९९८ चा चित्रपट दोन तासांत दोन्ही पिढ्या बसवतो, त्यामुळे धावतो. हेअरटनच्या भूमिकेतला मॅथ्यू मॅकफेडयन त्यात लक्षात राहतो. २००९ च्या टॉम हार्डीच्या मालिकेने लॉकवुडला काढून टाकलं आणि दुसऱ्या पिढीपासून सुरुवात केली. उत्तरार्ध शेपटासारखा मागे लोंबू नये यासाठी ती युक्ती चांगली आहे, आणि हार्डीचा हीथक्लिफ खरोखर धोकादायक वाटतो.

तुम्ही तीन-चार चित्रपट पाहिलेच आहेत, तर आता क्रम असा लावा. नववं प्रकरण पुन्हा वाचा, मग १९३९ आणि २०११ मधला तोच प्रसंग लागोपाठ बघा आणि दोन्हीकडे त्या क्षणी नेलीला काय काय ठाऊक आहे तेवढंच टिपा. त्यानंतर १९७८ ची मालिका सलग. बुन्युएल आणि योशिदा शेवटी, कारण त्यांनी काय फेकलं आणि काय मुठीत धरलं हे पुस्तकाचे दोन्ही अर्धे मनात ताजे असल्याशिवाय दिसत नाही.